'डोकं दुखायचं थांबलं की खेळू द्या': फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये आणि प्रशिक्षकांमध्ये एक संदेश फिरतो आहे. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी खाली "अगदी बरोबर" असंही लिहिलं होतं. संदेश थोडक्यात असा:

"डोक्याला मार लागला म्हणून मुलांना घाबरवू नका. शुद्ध हरपली नसेल तर ते कन्कशन नाहीच. शंका असेल तर स्कॅन करा, स्कॅन साफ आला की विषय संपला. डोकं दुखायचं थांबलं की खेळू द्या, आणि सात दिवस झाले असतील तर बघायचंही कारण नाही. तोपर्यंत अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती. फारच भीती वाटत असेल तर डोक्याला संरक्षक पट्टा लावा. मोठमोठे खेळाडू डोक्याला पट्टी बांधून खेळले आहेत. आपलं शरीर खेळाडूलाच कळतं, निर्णय त्याच्यावर सोडा."

मी बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवते. मी डॉक्टर नाही, आणि कोणाला कन्कशन (धक्क्याने मेंदूचं काम काही काळ बिघडणं) झालंय, कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण मार लागतो त्या मिनिटाला मुलाजवळ डॉक्टर नसतो, मी असते. आणि तिसऱ्या आठवड्यात "आता तरी घ्या ना हिला" असं आईवडील म्हणतात तेव्हाही समोर मीच असते. म्हणून यातल्या एकेका वाक्याला उत्तर देते आहे. लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि लोकांचा विश्वास बसतो तो त्या अर्ध्या खऱ्यामुळेच.

"शुद्ध हरपली नसेल तर ते कन्कशन नाहीच"

या एका समजुतीपायी जितकी मुलं मार लागूनही मैदानात राहतात तितकी दुसऱ्या कशानेही राहत नसतील. खेळात होणाऱ्या दहा कन्कशनपैकी सुमारे नऊ वेळा खेळाडूची शुद्ध जातच नाही. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. डोक्यावर आघात झाला, किंवा अंगाला जोरात धडक बसून मानेला हिसका बसला, तरी आतला मेंदू हलतो, पिळवटतो. मग कोणाला गरगरतं, कोणाला मळमळतं, कोणाला उजेड सहन होत नाही. कोणी विनाकारण चिडतं, कोणी रडतं. कोणाला फक्त डोकं जड आणि सगळं संथ झाल्यासारखं वाटतं. काहींना तर त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी जाणवतं.

माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगते. पंधरा वर्षांची मुलगी, मधल्या फळीत खेळणारी. उंच आलेल्या चेंडूवर दोघींनी एकाच वेळी उडी मारली आणि समोरच्या मुलीचा खांदा हिच्या कानशिलाला लागला. ही पडलीसुद्धा नाही. दोन पावलं मागे सरकली, वाकून पायातला गार्ड सारखा केला आणि धावायला लागली. मिनिटभराने थ्रो-इन मिळाला तेव्हा चेंडू हातात घेऊन ती आमच्याच गोलकडे तोंड करून उभी राहिली. मी तिला बाहेर बोलावलं. "आत्ता कुठला हाफ चालू आहे?" ती लगेच म्हणाली, "पहिला." दुसरा चालू होता. "शेवटचा गोल कोणी मारला?" तिने एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. तो गोल तिनेच मारला होता, त्याला पंधरा मिनिटंही झाली नव्हती. पुढच्या दहा मिनिटांत ती मला चार वेळा म्हणाली, "मी ठीक आहे, ताई." चारही वेळा पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

हे प्रश्न माझे नाहीत. कुठल्या मैदानावर आहोत, कुठला हाफ, शेवटचा गोल कोणाचा, मागच्या सामन्यात समोर कोण होतं, तो आपण जिंकला का, असे पाच प्रश्न जगभर विचारले जातात. उत्तर चुकलं तर मूल बाहेर. मात्र सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून मूल सुटलं, असा त्याचा अर्थ नाही. धडपडत उठणं, डोकं धरून बसणं, शून्यात बघणं, झोकांड्या जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ संपला. पाच मिनिटांनी बरं वाटलं तरी संपला.

बाहेर काढायची एवढी घाई कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा देते. २०१६ साली अमेरिकेत किशोरवयीन खेळाडूंचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मार लागल्यावर लगेच बाहेर आलेल्यांना बरं व्हायला सरासरी २२ दिवस लागले. तसेच खेळत राहिलेल्यांना ४४. गट लहान होता, एकूण ६९ खेळाडू. पण मला तो आकडा पालकांना सांगावासा वाटतो, कारण "तेवढी वीस मिनिटं खेळू दे" असं म्हणताना आपण नेमकं काय पणाला लावतो ते त्यातून कळतं.

"स्कॅन साफ आला की विषय संपला"

सीटी स्कॅन कशासाठी करतात? कवटीला तडा गेलाय का, आत रक्तस्राव होतोय का, हे बघण्यासाठी. ते बघणं अतिशय महत्त्वाचं आहे. डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका आला, एकाचे दोन दिसायला लागले, हातापायातली ताकद गेली किंवा मुंग्या आल्या, मान दुखायला लागली, झोपेतून उठवणं जड जायला लागलं, तर रुग्णालय गाठायचं, तेही त्याच क्षणी. मानेबद्दल शंका असेल तर मुलाला हलवायचंसुद्धा नाही.

पण साध्या कन्कशनमध्ये सीटी आणि नेहमीचा एमआरआय बहुतेक वेळा साफच येतो, कारण बिघाड रचनेत नसून कामात असतो. धक्क्याने मेंदूतल्या पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ते पुन्हा जागच्या जागी नेण्यासाठी पेशींना एकदम खूप ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूकडे येणारा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. गरज वाढलेली, पुरवठा घटलेला. ही ओढाताण काही दिवस, कधी काही आठवडे चालते. तिचा फोटो रोजच्या स्कॅनमध्ये येत नाही. साफ स्कॅन हातात घेऊन मुलाला सरावाला आणणाऱ्या वडिलांना मी एवढंच सांगते: रक्तस्राव नाही ही मोठी आनंदाची बातमी आहे, पण कधी खेळायचं हा प्रश्न त्या कागदाला विचारलेलाच नव्हता.

"डोकं दुखायचं थांबलं की खेळू द्या, सात दिवस झाले की बघायचंही कारण नाही"

हे वाक्य मला सगळ्यात खटकतं आणि याच्यावरच सगळ्यात जास्त लिहायचंय.

बसल्या जागी डोकं न दुखणं वेगळं आणि पळताना, वळताना, मान फिरवताना न दुखणं वेगळं. मघाच्या त्याच मुलीचं सांगते. नवव्या दिवशी ती आली तेव्हा आधीचे तीन दिवस तिचं डोकं अजिबात दुखलं नव्हतं. गोळीही घेतली नव्हती. (हे विचारायलाच हवं. वेदनाशामक गोळी खाऊन डोकं दुखत नाही याला काही अर्थ नाही.) तिने मैदानाला सावकाश फेऱ्या मारल्या, काही झालं नाही. मग मी तिला रोजचाच एक सराव दिला: चेंडू येण्याआधी एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि मग पास घ्यायचा. मधल्या फळीतली खेळाडू हे सामन्यात शेकडो वेळा करते. चौथ्या पासला ती थांबली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले आणि म्हणाली, "ताई, मी थांबते, पण मैदान जरा उशिरा थांबतं."

संदेशातल्या हिशोबाने ती तीन दिवसांपूर्वीच सामना खेळायला मोकळी होती. त्या सामन्यात मागून येणारी खेळाडू तिला उशिरा दिसली असती, आणि दुसरी धडक टाळायला लागणारा तो क्षण तिच्याकडे नसता.

म्हणूनच परतण्यासाठी तारीख न ठरवता पायऱ्या ठरवतात. खेळातल्या कन्कशनवर दर काही वर्षांनी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरते. सहावी ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला झाली आणि तिचं निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सहा पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे रोजची हलकी कामं आणि चालणं. दुसरीत नाडी वाढवायची, पण मोजून: आधी कमाल वेगाच्या साधारण ५५ टक्क्यांपर्यंत, ते जमलं तर ७० टक्क्यांपर्यंत. पंधरा वर्षांच्या मुलीच्या नाडीचा कमाल वेग मिनिटाला २०५ ठोके धरला तर सुरुवातीला ११०-११५ च्या वर जायचं नाही. हे इतकं हळू असतं की मुलांना कंटाळा येतो. तिसरीत संघापासून बाजूला, एकट्याने चेंडूसोबत धावणं, दिशा बदलणं. चौथीत संघाबरोबर पासिंग, पण अंगाला अंग लागेल असं काही नाही. पाचवीत पूर्ण सराव, टॅकल आणि हेडर (डोक्याने चेंडू मारणं) यांसकट. सामना सहावीत.

प्रत्येक पायरीवर निदान २४ तास. पहिल्या तीन पायऱ्यांवर किंचित त्रास चालतो, म्हणजे शून्य ते दहाच्या मापावर लक्षण फार तर दोन घरं वाढलं आणि तासाभरात खाली आलं तर. त्याहून जास्त झालं तर तिथेच थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. चौथ्या पायरीच्या आधी मात्र मेहनत करतानाही आणि केल्यानंतरही कुठलंच लक्षण उरलेलं नसावं लागतं. चौथीपासून पुढे कुठेही त्रास परतला तर पुन्हा तिसरीवर.

'सात दिवस' हा आकडा बहुधा या पायऱ्यांमधूनच आला असावा. सहा पायऱ्या, प्रत्येकीला एक दिवस, म्हणजे जवळजवळ आठवडा. पण तो कमीत कमी लागणारा वेळ आहे, आणि तोही सगळं सुरळीत पार पडलं तर. 'याहून लवकर नाही' याचं कोणीतरी 'इतक्यात होतंच' करून टाकलं. प्रत्यक्षात अ‍ॅमस्टरडॅमच्या परिषदेसाठी तपासलेल्या अभ्यासांमध्ये पूर्ण खेळाकडे परतायला सरासरी सुमारे २० दिवस लागलेले दिसतात. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी आणि शालेय खेळासाठी नियमावली आली. तिच्यात २१ दिवसांच्या आत सामना नाहीच. त्यातही धडकेचा धोका असलेल्या सरावाआधी सलग १४ दिवस बसल्या जागी कुठलंही लक्षण नसलं पाहिजे. जिथे रोज तपासायला संघाचा डॉक्टर नसतो, तिथे ही कडक मोजणी मला जास्त पटते. आपल्यापैकी बहुतेकांकडे तो नसतोच.

पहिल्या आठवड्याची घाई का नडते, हे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या २००३ च्या एका अभ्यासात दिसतं. तिथला खेळ वेगळा, हेल्मेट घालून खेळायचा, पण मेंदू तोच. ज्यांना एकाच हंगामात दुसऱ्यांदा कन्कशन झालं अशा १२ जणांपैकी ११ जणांना ते पहिल्यानंतर दहा दिवसांच्या आत झालं होतं. आणि नुकसान डोक्यापुरतं राहत नाही. युरोपातल्या अव्वल पुरुष फुटबॉलपटूंच्या २०१४ मधल्या अभ्यासात असं दिसलं की कन्कशन होऊन गेलेल्यांना पुढच्या वर्षभरात दुसरी कुठलीही दुखापत होण्याचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होता. सरावात जे दिसतं त्यावरून मला ते समजण्यासारखं वाटतं. ज्याचं मैदान उशिरा थांबतं, त्याचा पायही अर्धा क्षण उशिरा पडतो.

क्वचित, पण लहान वयात जास्त, याहून भयंकर घडतं. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला की मेंदूला झपाट्याने सूज येते आणि मूल दगावतं किंवा कायमचं अधू होतं. दुसरा धक्का किरकोळ असला तरी असं होऊ शकतं. २००६ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला तेरा वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात परत मैदानात उतरला आणि जिवाशी झुंजून वाचला, पण आयुष्यभराचं अपंगत्व घेऊन. त्याच्या कुटुंबाने धरून ठेवलं म्हणून २००९ मध्ये तिथे कायदा झाला: संशय आला की मूल बाहेर, आणि वैद्यकीय जाणकाराच्या लेखी परवानगीशिवाय आत नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांनी या धर्तीवर कायदे केले.

शाळेचा उल्लेख संदेशात कुठेच नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जिला धड्याचं एक पान दोनदा वाचावं लागतंय, वर्गातल्या गोंगाटाने जिचं डोकं ठणकतंय, ती मैदानावर काय करते आहे? आधी पूर्ण वेळ शाळा जमली पाहिजे, मग सामना. खेळायला निघालेल्या प्रत्येक मुलाच्या वर्गशिक्षकांना मी स्वतः फोन करते.

"तोपर्यंत अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती"

हे एके काळी सांगितलं जायचं, त्यामुळे लिहिणाऱ्याला दोष देत नाही. आता सल्ला बदललाय. पहिले २४ ते ४८ तास आराम, तोही सापेक्ष: घरातली हलकी हालचाल चालेल, मोबाइल आणि टीव्ही कमी. त्यानंतर चालणं सुरू करायचं, त्रास फार वाढत नाही ना एवढं बघत. आठवडाभर अंधारात पडून राहिल्याने मुलं लवकर बरी होत नाहीत, उलट खचतात, झोपेचं गणित बिघडतं. दहा दिवसांनंतरही गरगरणं किंवा मानेचं दुखणं राहिलं तर त्यासाठी तोल, नजर आणि मान यांचे खास व्यायाम असतात. आमच्या मुलीला तेच दिले गेले, आणि तिचं मैदान वेळेवर थांबायला लागलं.

"डोक्याला संरक्षक पट्टा लावा"

गोलकीपर पीटर चेकचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याची कवटी फुटली, तीन महिन्यांनी तो परतला आणि नंतर कायम डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला. पण ती टोपी होती फुटलेल्या हाडासाठी. मेंदू आतल्या आत हलतो, बाहेरच्या मऊ पट्टीला तो धरून ठेवता येत नाही. अमेरिकेत शाळकरी फुटबॉलपटूंचे दोन गट करून, एकाला असे पट्टे देऊन चाचणी झाली. अडीच हजारांहून जास्त मुलंमुली होती त्यात. २०१९ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत कन्कशनच्या प्रमाणात फरक नाही. कपाळ फाटू नये म्हणून पट्टा लावायचा असेल तर खुशाल लावा. पायरी वगळण्यासाठी नको.

"मोठमोठे खेळाडू पट्टी बांधून खेळले आहेत"

खेळले आहेत, खरं आहे. पुढे काय झालं तेही सांगायला हवं.

२९ नोव्हेंबर २०२० ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये आर्सेनलच्या डेव्हिड लुईझचं आणि वुल्व्ह्जच्या राऊल हिमेनेझचं डोकं एकमेकांवर आदळलं. हिमेनेझची कवटी फुटली. लुईझ डोक्याला पट्टी बांधून हाफटाइमपर्यंत खेळला, आणि पट्टीतून रक्त दिसत होतं. त्यावर मोठा गदारोळ झाला. महिन्याच्या आत खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूच्या प्रयोगाला मान्यता दिली. प्रीमियर लीगमध्ये तो फेब्रुवारी २०२१ पासून आला आणि जुलै २०२४ पासून खेळाच्या नियमांतच ती तरतूद झाली. म्हणजे संदेश ज्याचं कौतुक करतो, ते होऊ नये म्हणूनच नियम बदलले.

बेल्जियमच्या यान व्हर्टोंगेनचं नाव अनेकांना आठवेल. एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. नाकातोंडाला जबर धडक, मैदानावरच काही मिनिटं तपासणी, परत आत, आणि क्षणात असा कोसळायला आला की त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. आठ दिवसांनी तो पुन्हा खेळला. डिसेंबर २०२० मध्ये त्यानेच सांगितलं की त्यानंतर नऊ महिने चक्कर आणि डोकेदुखी त्याच्या पाठीशी होती, आणि आपण तेव्हा खेळायला नको होतं. अमेरिकेची विश्वविजेती गोलकीपर ब्रायाना स्करी २०१० मध्ये डोक्याला गुडघा लागल्यावर हाफटाइमपर्यंत गोलमध्ये उभी राहिली. तो तिचा शेवटचा सामना ठरला. तीन वर्षांनी डोकेदुखीसाठी शस्त्रक्रिया करावी लागली.

इथे मी एक गोष्ट वेगळी ठेवते, कारण ती भीती घालायला वापरली जाते. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास आला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतर लोकांच्या सुमारे साडेतीनपट होतं. हा आकडा संपूर्ण कारकिर्दीबद्दल आहे, वर्षानुवर्षांच्या हेडरसकट. एका कन्कशनमधून नीट बाहेर आलेल्या मुलाच्या पालकांनी तो आपल्या मुलाला लावून रात्र जागून काढू नये. पण जुन्या पिढीला काही झालं नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

"आपलं शरीर खेळाडूलाच कळतं, निर्णय त्याच्यावर सोडा"

गुडघ्याबद्दल हे बऱ्याच अंशी चालेल. गुडघा दुखावला तर मेंदू शाबूत असतो, तो खरं सांगतो. इथे ज्याला विचारायचं तोच दुखावलेला आहे.

२०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रामर सतराव्या मिनिटाच्या सुमारास समोरच्याच्या खांद्यावर आदळला. तपासून परत आत आला आणि जवळजवळ पाव तास खेळला. मग रेफरी निकोला रिझोली यांना त्याने विचारलं, हा अंतिम सामना आहे का? रिझोलींना आधी थट्टा वाटली. तो गंभीर आहे हे कळल्यावर त्यांनी जर्मन खेळाडूंना सांगितलं आणि एकतिसाव्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. इतकं सगळं जग बघत असताना! त्याच स्पर्धेत उरुग्वेचा आल्व्हारो परेरा गुडघा लागून बेशुद्ध पडला, शुद्धीवर आला, आपल्याच डॉक्टरांवर हातवारे करत ओरडला आणि परत खेळायला गेला. त्यालाही आपलं शरीर कळत होतंच की.

मैदानाच्या कडेला तर घाईच असते. त्या विश्वचषकानंतर डोक्याच्या मारासाठी सामना तीन मिनिटांपर्यंत थांबवायची मुभा आली. पण संशयित कन्कशनची जी प्रमाणित तपासणी आहे, स्कॅट नावाची, तिला कमीत कमी दहा-पंधरा मिनिटं लागतात: दहा शब्द ऐकवून नंतर आठवायला लावणं, महिन्यांची नावं उलट म्हणणं, एका पायावर उभं राहणं, टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत तीन मीटर सरळ चालणं. तीन मिनिटांत यातलं कितीसं होणार? खेळाडूंची जागतिक संघटना तपासणीपुरती तात्पुरती बदली मागते आहे ती यासाठीच. ती मिळेपर्यंत संशय आला की बाहेर, एवढा एकच मार्ग आपल्या हातात आहे.

मग निर्णय कोणाचा? माझा नाही. त्या मुलीशिवाय मी पुढचा सामना हरण्याची शक्यता जास्त, म्हणजे माझा त्यात स्वार्थ आहे. आईवडिलांचाही नाही, त्यांना ती हसताना बघायची असते. पूर्ण सामन्याआधीचा शब्द डॉक्टरचा, आणि लेखी. पण डॉक्टरही खेळाडूच्या बोलण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे खेळाडूचं काम मोठं आहे: जे होतंय ते खरं सांगणं. मुलं लपवतात ती जागा जाण्याच्या भीतीने. म्हणून पायऱ्या सुरू करायच्या दिवशीच मी त्या मुलीला सगळ्या संघासमोर सांगितलं होतं की तिची जागा आणि तिचा आठ नंबर कोणालाही दिलेला नाही, कितीही दिवस लागोत.

चोविसाव्या दिवशी तिने पहिला पूर्ण सराव केला, दोन हेडर मारले, हसत घरी गेली. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "ताई, थोडं डोकं दुखतंय. फार नाही. पण दुखतंय." डॉक्टरांशी बोलून आम्ही तिला पुन्हा तिसऱ्या पायरीवर नेलं. ती सामना खेळली तेहतिसाव्या दिवशी.